मंडळीचं दान कंपाउंडच्या भिंतीपलीकडे न्यायचं असेल तर

हंगामाच्या सणाला आमच्या चर्चमध्ये लिलाव होतो. वेदीपुढे मांडलेला भोपळा, ज्वारीची कणसं, गूळ, अंडी, एखादी कोंबडी, सगळं उपासनेनंतर मांडवात येतं आणि बोली सुरू होते. बाजारात पन्नास रुपयांना मिळणारा भोपळा दीड-दोन हजारांवर जातो. घेणारा पैसे मोजतो आणि तोच भोपळा पुन्हा लिलावाला ठेवतो. हे डोळ्यांनी पाहिलेल्या कोणालाही ‘आपले लोक देत नाहीत’ असं म्हणता येणार नाही.

लोक देतात. ते दान जातं कुठवर, हा प्रश्न आहे. बहुतेक ठिकाणी ते कंपाउंडच्या भिंतीशी थांबतं: पत्रे, रंगकाम, स्पीकर, पाळकांचा पगार, डायोसिसचा म्हणजे धर्मप्रांताचा वाटा. या गरजा खोट्या नाहीत. पण ज्यांच्या घरात आज संध्याकाळी चूल पेटणार नाही, त्यांच्यापर्यंत या पैशातला एक ठरलेला वाटा दर महिन्याला पोहोचावा असं तुम्हाला मनापासून वाटत असेल आणि मंडळीपुढे, म्हणजे चर्चच्या सभासदांपुढे, हा विषय काढायचा कसा ते कळत नसेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. तुम्ही कमिटीवर नवे असाल, महिला मंडळात किंवा तरुण संघात असाल, किंवा नुसतेच मागच्या बाकावर बसणारे असाल. मी नगर जिल्ह्यातल्या एका छोट्या प्रोटेस्टंट मंडळीत हे काम काही वर्षं करतो आहे, म्हणून शब्द आमच्याकडचे आले आहेत. वसईच्या कॅथलिक वाचकांनी मंडळीच्या जागी धर्मग्राम आणि पाळकांच्या जागी फादर असं वाचावं.

आधी तीन महिने गप्प राहून स्वतः द्या

पहिली पायरी बोलण्याची नाही. घरी एक डबा ठेवा आणि ठरलेल्या दिवशी ठरलेली रक्कम त्यात टाका. पंधरा रुपये असोत की दीडशे, ते महत्त्वाचं नाही. चुकवायचं नाही, हे महत्त्वाचं. तीन महिन्यांत तुम्हाला स्वतःबद्दल दोन-तीन गोष्टी कळतील: कोणत्या आठवड्यात हात आखडतो, घरातलं कोण कुरकुरतं, आणि रक्कम आधीच काढून ठेवली तर ती किती सहज निघते. पुढे लोक हेच प्रश्न विचारणार आहेत. उत्तर अनुभवातून आलं तर ते ऐकतात.

मी ही पायरी गाळली होती. पहिल्या वर्षी एका रविवारी थेट उभा राहून आफ्रिकेतल्या भुकेवर बोललो. बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं, त्या दिवशी थैली जड झाली आणि पुढच्या रविवारी कोणाला काहीच आठवत नव्हतं. दोष मंडळीचा नव्हता. मी त्यांच्याकडून एका दिवसाची हळहळ मागितली आणि त्यांनी ती दिली.

मग हिशेब वाचा

वार्षिक सभेला वाटतात तो जमाखर्चाचा कागद मिळवा. खजिनदारांकडे नम्रपणे मागा आणि का हवा ते खरं सांगा. एकूण अर्पणापैकी मंडळीबाहेरच्या गरजूंसाठी किती गेलं, एवढंच पेन्सिलीने काढा. खूप ठिकाणी ‘गरिबांना मदत’ नावाचं एक खातं असतं आणि ते नाताळच्या साड्या-ब्लँकेटवर संपतं. हा आकडा कोणाच्या तोंडावर फेकायचा नाही. त्यावरून फक्त आपलं मागणं बेतायचं. ज्या मंडळीला पाळकांचा पगार दोन महिने उशिरा द्यावा लागतो, तिच्याकडे दहावा हिस्सा मागणं अन्याय आहे. तिथे महिन्यातल्या एका रविवारचं जादा अर्पण मागा.

पाळकांशी एकट्याने बोला

सभेत अचानक ठराव मांडू नका. पाळकसाहेबांच्या घरी संध्याकाळी जा. त्यांना एक भीती असते, आणि ती रास्त आहे: नवं दान सुरू झालं की जुनं कमी होईल आणि डायोसिसला उत्तर त्यांना द्यावं लागेल. ती भीती तुम्हीच बोलून दाखवा. सहा महिने करून पाहू, नेहमीच्या अर्पणाला हात लावायचा नाही, सहा महिन्यांनी दोन्ही आकडे शेजारी ठेवून कमिटी ठरवेल, असं सांगा. प्रवचन त्यांनीच करावं अशी विनंती करा. तुम्ही बोललात तर ती तुमची हौस ठरते. वेदीवरून आलं की मंडळीचं काम होतं.

त्यांच्याबरोबर बसून शास्त्रातले तीन उतारे वाचा. हे उतारे नुसते भावनेचे नाहीत, त्यांत कामाची पद्धत सांगितली आहे. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या अकराव्या अध्यायात रोमन सम्राट क्लौद्याच्या काळातल्या दुष्काळाची खबर येते आणि अंत्युखियातले शिष्य आपापल्या ऐपतीप्रमाणे यहुदियातल्या बांधवांना मदत पाठवतात. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सोळाव्या अध्यायात पौल सांगतो की आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने काहीतरी बाजूला काढून ठेवावं, म्हणजे तो आल्यावर ऐनवेळी वर्गणीची धावपळ नको. यरुशलेमेला ते कोण नेणार? मंडळीने पसंत केलेली माणसं, सोबत पत्रं घेऊन. दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात तर पैशाबरोबर इतर भाऊ का पाठवले याचं कारणच दिलं आहे: एवढ्या मोठ्या देणगीबद्दल कोणी बोट दाखवू नये म्हणून. ठरलेला दिवस, ऐपतीप्रमाणे रक्कम, मंडळीने निवडलेले लोक, उघडा हिशेब. आपल्याला याहून वेगळं काही शोधायची गरज नाही. आणि देणारे मकदुनियाचे लोक स्वतः दारिद्र्यात होते, हेही तिथेच लिहिलं आहे.

आपण कधी काळी घेणारे होतो

मराठी मंडळीपुढे बोलताना ही गोष्ट जरूर सांगा, कारण ती आपली आहे. १८९९-१९०० चा (विक्रम संवत १९५६ चा) छप्पनचा दुष्काळ आपल्या आजोबा-पणजोबांच्या तोंडी होता. त्या वेळी ‘ख्रिश्चन हेरल्ड’ या अमेरिकन साप्ताहिकाने वाचकांकडून मदत गोळा केली आणि १९०० च्या मे महिन्यात न्यूयॉर्कहून ‘क्विटो’ नावाचं जहाज हजारो टन मका घेऊन मुंबईकडे निघालं. ज्यांनी तो मका दिला त्यांनी आपलं गाव कधी पाहिलं नव्हतं. त्यांना आपली भाषा येत नव्हती, आपली नावं उच्चारता येत नव्हती.

त्याहून उपयोगी गोष्ट पंडिता रमाबाईंची आहे. १८८७ साली बॉस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झालं आणि गावोगावी त्याची ‘मंडळं’ निघाली. सभासदाने वर्षाला निदान एक डॉलर, आणि तो दहा वर्षं द्यायचा, असं वचन होतं. एका डॉलरने काय होणार, असं तेव्हाही कोणी म्हटलं असेल. १८८९ च्या मार्चमध्ये मुंबईत शारदा सदन ही विधवांसाठीची शाळा उघडली ते या डॉलरांवर. मदत देणाऱ्यांचं मंडळ आणि पुण्या-मुंबईचे समाजधुरीण यांच्यात रमाबाईंना किती ओढाताण सोसावी लागली, तो इतिहास वेगळा आहे आणि तोही वाचण्यासारखा आहे. पण लहान रक्कम, ठरलेली मुदत आणि दरवर्षी अहवाल, ही रीत तिथून उचलावी. मुदत ठरवल्यामुळे देणारा घाबरत नाही. जन्मभराचं वचन मागितलं की माणूस आधी दरवाजाकडे पाहतो.

कोणासाठी मागता आहात, ते एका वाक्यात

‘जगातली गरिबी’ हे शब्द ऐकून कोणाचा हात खिशाकडे जात नाही. आकडा एकच सांगा, पण नीट समजावून सांगा. जून २०२५ मध्ये जागतिक बँकेने अतिगरिबीची रेषा माणशी दिवसाला २.१५ डॉलरवरून ३ डॉलरवर नेली. हा डॉलर बँकेच्या भावाने रुपयांत बदलायचा नसतो. त्या त्या देशात तेवढ्यात काय विकत मिळतं हे पाहून हिशेब करतात. या रेषेखाली आज सुमारे ८० कोटी माणसं जगतात, आणि त्यांतली निम्म्याहून अधिक सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत आहेत.

एक चांगली बातमीही सांगा, नाहीतर लोकांना हे काम समुद्र उपसण्यासारखं वाटतं. जुन्या रेषेने मोजलं तर १९९० साली जगातल्या दर तीन माणसांत एकाहून जास्त अतिगरीब होता. २०१९ पर्यंत ते प्रमाण दहात एकाच्याही खाली आलं. ते मुख्यतः चीन, भारत यांसारख्या देशांत शेती, उद्योग आणि रोजगार वाढल्याने झालं, चर्चच्या थैलीमुळे नव्हे, हे प्रामाणिकपणे सांगा. थैलीचं काम तिथे आहे जिथे ही वाढ अजून पोहोचलेली नाही. २०२३ साली मलेरियाने जगात सुमारे ६ लाख माणसं मेली, त्यांत आफ्रिकेतली पाच वर्षांखालची मुलं सर्वांत जास्त. औषध लावलेली एक मच्छरदाणी विकत घेऊन, वाहतूक करून घरापर्यंत पोहोचवायला साधारण पाच-सहा डॉलर लागतात. लिलावातल्या एका भोपळ्याच्या पैशात किती मच्छरदाण्या येतील, हा हिशेब शब्बाथ शाळेतली (चर्चच्या रविवारच्या शाळेतली) मुलंसुद्धा करतात. आमच्याकडे मुलांनीच तो फळ्यावर मांडला, आणि घरी जाऊन आईबापांना त्यांनीच सांगितलं.

पैसा पाठवायचा कुठे

इथे घाई करू नका. मी सर्वांत जास्त वेळ याच पायरीवर घालवला आणि नव्या माणसानेही घालवावा.

महाराष्ट्रातल्या चर्चचा पैसा सहसा नोंदणीकृत ट्रस्टचा असतो. तो थेट परदेशात पाठवता येतो असं धरून चालू नका. ट्रस्टचं उत्पन्न भारताबाहेर खर्च करायला आयकर खात्याची खास मंजुरी लागते, परकीय चलनाचे नियम त्याहून निराळे. भारतात राहणाऱ्या एकट्या माणसाला मात्र रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली स्वतःच्या खात्यातून वर्षाला एकूण अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात, आणि त्यात दानही बसतं. म्हणून आफ्रिकेसाठी द्यायचं असेल तर ज्यांना जमेल त्यांनी वैयक्तिक द्यावं. मंडळीचा एकत्र पैसा भारतातच काम करणाऱ्या संस्थेला द्यावा. यात काही कमीपणा नाही. जगातल्या गरिबीत मेळघाट आणि नंदुरबारही येतात, झारखंड आणि ओडिशाही येतात. पाऊल उचलण्यापूर्वी ट्रस्टच्या सीएंना एकदा विचारा, कारण नियम बदलत राहतात.

देशात चर्चच्या जुन्या संस्था आहेत. कासाचं (प्रोटेस्टंट आणि ऑर्थोडॉक्स चर्चच्या मदतसंस्थेचं) काम १९४७ साली फाळणीच्या निर्वासितांपासून सुरू झालं. एफिकॉर १९६७ च्या बिहारच्या दुष्काळातून उभी राहिली. कॅथलिकांची कारितास इंडिया १९६२ ची. तिची उपवासकाळातली मोहीम वसईतल्या अनेकांना ठाऊक असेल. मी अमुक एकीलाच द्या असं म्हणत नाही. संस्थेला चार गोष्टी विचारा: लेखापरीक्षण झालेला ताळेबंद देता का, आमचा पैसा कोणत्या जिल्ह्यात कोणत्या कामाला जाईल, ते काम फसलं तर आम्हाला सांगाल का, आणि मदत देताना धर्म पाहता का? शेवटच्या प्रश्नावर मी हटून बसतो. रेड क्रॉस आणि मोठ्या मदतसंस्थांनी १९९४ साली जी आचारसंहिता मान्य केली, तिच्यात मदतीचा वापर धर्मप्रसारासाठी करू नये असं स्पष्ट आहे. भुकेल्या माणसाला धान्य देताना त्याच्याकडून काहीच परत नको असलं पाहिजे. आज आपल्याकडे या बाबतीत संशयाचं वातावरण आहे म्हणून हे सांगतो असं नाही. वातावरण निवळलेलं असतं तरी मी हेच म्हटलं असतं.

परदेशात स्थायिक झालेल्या मराठी ख्रिस्ती बांधवांसाठी दोन ओळी. तुमच्या तिथल्या मंडळीतूनच द्या, ते सोपं पडतं. ब्रिटनमध्ये ख्रिश्चन एड आणि टिअरफंड, अमेरिकेत कॅथलिक रिलीफ सर्व्हिसेस अशा संस्था आहेत. गावच्या चर्चला पाठवायचं असेल तर आधी पासपोर्ट पाहा. तुम्ही परदेशी नागरिक झाला असाल, अगदी ओसीआय कार्ड असलं तरी, तुमचा पैसा परकीय देणगी ठरतो आणि एफसीआरए (परकीय देणगी कायदा) नोंदणी नसलेल्या चर्चला तो घेता येत नाही. प्रेमाने पाठवलेल्या रकमेमुळे गावची कमिटी अडचणीत येऊ शकते.

गोळा कसं करायचं

मिझोरममध्ये ‘बुहफाई थाम’ नावाची रीत आहे. बाई भात शिजवायला तांदूळ घेते तेव्हा दर वेळी एक मूठ बाजूच्या डब्यात टाकते. आठवड्याला मंडळीच्या स्त्रिया घरोघरी जाऊन तो तांदूळ गोळा करतात आणि विकतात. साधारण १९१० च्या सुमारास सुरू झालेल्या या मुठीतून आज तिथल्या चर्चला वर्षाला कोट्यवधी रुपये मिळतात. तो पैसा प्रामुख्याने चर्चच्या आणि मिशनच्या कामाला जातो, पण रीत कोणत्याही कामाला चालते. रोख पैसे नसलेल्या बाईलाही यात पूर्ण मानाने भाग घेता येतो, म्हणून मला ती फार मोलाची वाटते.

ब्रिटनमध्ये १९५७ पासून ख्रिश्चन एडचा आठवडा पाळतात, मे महिन्यात दारोदार पाकिटं वाटून परत गोळा करतात. आम्ही दोन्हींचं मिश्रण केलं. ज्वारी-बाजरीच्या घरांना डबा, नोकरदारांना पाकीट, तरुणांना खजिनदारांचा क्यूआर कोड. पाकिटावर नाव लिहायचं नाही, फक्त महिना लिहायचा. महिन्यातला दुसरा रविवार ठरला, कारण पगार झालेला असतो आणि पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. गोळा झालेलं त्याच दिवशी दोन घरांतल्या दोन माणसांनी मिळून मोजायचं, वहीत दोघांच्या सह्या, सोमवारी बँकेत. हे तपशील क्षुल्लक वाटतील. पण चर्चमधली कित्येक चांगली कामं श्रद्धा आटल्याने थांबली नाहीत, न मोजलेल्या थैलीमुळे थांबली.

एक उदाहरण धरू. तीस घरं, दर घरामागे दिवसाला तीन रुपये. महिन्याला दोन हजार सातशे, वर्षाला बत्तीस हजारांवर. हा आकडा सभेत सांगा आणि गप्प बसा. लोकांना स्वतः गुणाकार करू द्या.

‘आपलेच लोक गरीब आहेत’

हे वाक्य येणारच, आणि ते टाळण्यासारखं नाही. आपल्या मंडळीतली बहुसंख्य घरं अशी, ज्यांच्या आजोबांना पाणवठ्यावर जाऊ दिलं जात नव्हतं. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे ख्रिस्ती झालेल्या दलितांना अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत. कोणाकडे जमीन नाही, कोणाचा मुलगा पुण्यात सिक्युरिटीवर आहे. अशा माणसाला ‘आफ्रिकेतले तुझ्याहून गरीब’ म्हणून गप्प करणं मला जमत नाही आणि कोणी करूही नये.

मी दोन गोष्टी करतो. एक, मंडळीतल्या अडलेल्या घरासाठी वेगळं खातं आधी भरतो, आणि या नव्या दानातला एक ठरलेला हिस्सा तिकडे जावा असा प्रस्ताव ठेवतो. दोन, ज्याला जमणार नाही त्याने देऊ नये, हे वेदीवरून स्पष्ट सांगायला लावतो. विधवेने दानपेटीत टाकलेल्या दोन टोल्यांची (अगदी लहान नाण्यांची) गोष्ट आपण फार सांगतो. पण मार्कच्या बाराव्या अध्यायात तिच्या आधीच्याच ओळींत विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांचा धिक्कार आहे. ते दोन्ही एकत्र वाचा. गरीब विधवेकडून शेवटचा पैसा काढून घेण्याचं समर्थन म्हणून ती गोष्ट वापरू नका. ‘द्या म्हणजे देव दुप्पट देईल’ हेही म्हणू नका. ज्याला दुप्पट मिळत नाही त्याची श्रद्धा त्या वाक्याने तुटते.

आणि तरीही, आमच्याकडे सर्वांत नेमाने डबा भरून देणारी बाई शेतमजूर आहे. मी तिला कधी मागितलं नव्हतं. तिने विचारलं, ‘भाऊ, तिकडं पण दुष्काळ पडतो का?’ मी हो म्हणालो. पुढच्या महिन्यात ती बाजरी घेऊन आली.

दुसरी हरकत येते ती पैसे खाण्याची: ‘मधले खातात.’ यावर वाद घालू नका. ती चार प्रश्नांची उत्तरं आणि ताळेबंद छापून काढा, आणि ज्याने हरकत घेतली त्यालाच मोजणाऱ्या दोघांत घ्या.

पावती आणि पत्र

सहा महिन्यांनी संस्थेची पावती येते. ती खजिनदारांच्या फाइलीत जाऊ देऊ नका. आमच्याकडे गीतांचे क्रमांक लावायचा फळा दाराशेजारी आहे, त्याच्याखाली ती टाचतो. किती जमलं, किती पाठवलं, कोणत्या गावात काय झालं, तीन ओळी, मोठ्या अक्षरात. काम अपेक्षेप्रमाणे झालं नाही तर तेही लिहायचं. एकदा विहिरीच्या कामाला पाठवलेला पैसा पाणी न लागल्याने दुसऱ्या जागी वळवावा लागला. आम्ही तसंच लिहिलं आणि पुढच्या महिन्यात एकही पाकीट कमी झालं नाही.

मग कमिटीची बैठक. नेहमीचं अर्पण आणि नवं दान, दोन आकडे शेजारी. घटलं असेल तर मान्य करा आणि रक्कम कमी करा. घटलं नसेल तर मुदत वर्षाची मागा, फार तर तीन वर्षांची. आणि तोवर दुसरं एखादं माणूस तयार करा जे तुमच्या गैरहजेरीत दुसऱ्या रविवारी टेबलाशी बसेल, वही उघडेल, आणि उशिरा आलेल्या डब्यासाठी थोडा वेळ थांबेल.